राज्य परिवहन बसमधील प्रवासी सुविधा व सुरक्षितता

राज्य परिवहन बसमधील प्रवासी सुविधा व सुरक्षितता या विषयात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (बोलीभाषेत एसटी) बसने प्रवास करणाऱ्यांसाठी थांब्यावर, बसस्थानकात व प्रत्यक्ष बसमध्ये उपलब्ध असलेल्या सोयी, तसेच त्यांच्या जीविताच्या रक्षणासाठी केलेल्या कायदेशीर व तांत्रिक तरतुदी यांचा समावेश होतो. मोठ्या शहरांत नागरी बससेवा, उपनगरी रेल्वे व मेट्रो असे पर्याय असतात. लहान नगरांत व तालुक्याच्या गावी मात्र नागरी, ग्रामीण व आंतरजिल्हा अशा तिन्ही प्रकारच्या वाहतुकीचा भार बहुधा एकट्या एसटीवर असतो. या लेखात या तरतुदींचा परिचय चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा या वनव्याप्त तालुक्याच्या संदर्भात करून दिला आहे.

पार्श्वभूमी

तत्कालीन मुंबई राज्यात शासकीय प्रवासी बससेवेचा प्रारंभ १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावरील बसने झाला. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना महामंडळाचे स्वरूप मिळाले. चांदा (आताचे चंद्रपूर) जिल्हा त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात, आणि नंतर मध्य प्रदेशात मोडत असे. त्यामुळे तेथील बससेवा मुंबईच्या महामंडळाची नव्हती. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला व तेथील सरकारी बससेवा मुंबईच्या महामंडळात विलीन झाली. मराठवाड्यात निजाम संस्थानची रेल्वे व मार्ग परिवहन सेवा १९३२ पासून चालत होती, तीही याच वेळी एकत्र आली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महामंडळाला आजचे नाव मिळाले.

‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे महामंडळाचे जुने घोषवाक्य आहे. ते सर्वत्र एकाच वेळी प्रत्यक्षात आले नाही. चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा या गावी अहेरीहून पहिली एसटी १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. पुणे–अहमदनगर बस सुटल्यापासून मधे साडेशहात्तर वर्षे गेली.

पोंभुर्णा तालुक्यातील स्थिती

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. तालुक्याच्या पूर्वेस वैनगंगा नदी वाहते. पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका लागतो. ताडोबा–अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या नावातील अंधारी नदीही या परिसरातून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. धान हे मुख्य पीक आहे. वनप्रशासनाच्या दृष्टीने पोंभुर्णा हे मध्य चांदा वनविभागातील एक वनपरिक्षेत्र आहे.

तालुक्यात रेल्वेस्थानक नाही. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील मूल किंवा चंद्रपूर व बल्लारपूर येथील स्थानके गाठावयाची तरी आधी रस्त्यानेच जावे लागते. महामंडळाच्या चंद्रपूर विभागात चंद्रपूर, राजुरा, वरोरा व चिमूर अशी आगारे आहेत. पोंभुर्ण्याला येणारी बस ही बाहेरच्या आगाराची असते. वरवर पाहता ही केवळ प्रशासकीय बाब वाटते, पण प्रवाशाच्या दृष्टीने तिचे परिणाम पुष्कळ आहेत. बस वाटेत नादुरुस्त झाली तर दुसरी गाडी किंवा तंत्रज्ञ दूरच्या आगारातून यावा लागतो. आगारात चालक कमी पडले की प्रथम रद्द होतात त्या कमी उत्पन्नाच्या, म्हणजे टोकाच्या गावांच्या फेऱ्या.

यावर एसटीने फार पूर्वीपासून योजिलेला एक साधा उपाय म्हणजे मुक्कामी बस. दिवसाची शेवटची फेरी टोकाच्या गावी जाते, चालक व वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे तीच बस पहिली फेरी घेऊन निघते. सकाळच्या शाळेला, दवाखान्याला किंवा तहसील कचेरीत जाणाऱ्यांना यामुळे घराजवळून बस मिळते. गावात रात्री कोणी आजारी पडले तर दारात बस उभी आहे याचाही एक आधार असे. मुक्कामी फेरी टिकते की नाही हे पुष्कळदा गावाने चालक-वाहकांच्या निजण्याची, पाण्याची व शौचालयाची काय व्यवस्था केली यावर ठरते, हे मात्र फारसे लिहिले जात नाही.

थांबा

प्रवासी सुरक्षिततेविषयीचे बहुतेक नियम बसच्या पायरीपासून सुरू होतात आणि पायरीवरच संपतात. वनव्याप्त तालुक्यात धोक्याचा मोठा भाग या पायरीच्या अलीकडे असतो.

अनेक गावे मुख्य रस्त्यापासून आत आहेत. बस आत जात नसेल तेव्हा प्रवासी फाट्यावर उतरतो व उरलेली वाट पायी किंवा सायकलने चालतो. फाट्यावर निवारा असेल तर तो बहुधा आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून, जिल्हा परिषदेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या पैशातून बांधलेला असतो. बांधणाऱ्याचे नाव दर्शनी भागावर ठळक असते. देखभाल कोणी करावयाची हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. परिवहन महामंडळाच्या दृष्टीने तो त्याच्या मालकीचा नसतो, बांधकाम खात्याच्या दृष्टीने तो रस्त्याचा भाग नसतो आणि ग्रामपंचायतीच्या दृष्टीने तो गावाबाहेर असतो. पत्रा उडाला, बाके मोडली, भोवती झुडपे वाढली की प्रवासी निवाऱ्यात न बसता रस्त्याच्या कडेला उभे राहतात. निवाऱ्याचे काम केवळ उन्हापावसापासून रक्षण करण्याचे नसून चालकाला लांबून दिसेल अशी एक निश्चित जागा देण्याचेही आहे.

चंद्रपूर जिल्हा हा राज्यात मानव–वन्यजीव संघर्षाची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. वाघाबरोबर बिबट, अस्वल व रानडुक्कर यांचाही उपद्रव होतो. वाघ व बिबट यांची हालचाल पहाटे व तिन्हीसांजेला अधिक असते आणि पहिली व शेवटची बस पकडण्याची वेळही नेमकी तीच असते. वन विभागाने गावोगावी स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले उभी केली आहेत. ती वाघ दिसल्याची खबर देणे, गर्दी आवरणे, लोकांना सावध करणे अशी कामे करतात. मोहाच्या हंगामात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, माणसे व अस्वले एकाच वेळी एकाच झाडाखाली येतात हे या भागात सर्वांना ठाऊक असते. त्या दिवसांत पहाटे फाट्यापर्यंत एकट्याने चालत जाणे टाळले जाते.

वेळेच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, तो सहसा लक्षात येत नाही. चंद्रपूर हे मुंबईच्या पूर्वेस रेखांशाने सुमारे साडेसहा अंश दूर आहे. घड्याळ सर्व राज्यात एकच असल्याने येथे सूर्य मुंबईपेक्षा पंचवीस ते तीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरच्या प्रारंभी पोंभुर्ण्याला साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा मुंबईत अद्याप उजेड असतो. पाच वाजता शाळा सुटून सव्वापाचला निघालेली बस पश्चिम महाराष्ट्रात मुलांना उजेडी घरी पोहोचविते. पूर्व विदर्भात तीच मुले फाट्यावर उतरतात तेव्हा अंधारून आलेले असते. राज्यभर सारखी वाटणारी शाळेची वेळ आणि बसची वेळ या दोहोंचा मेळ येथे स्थानिक सूर्यास्ताशी घालावा लागतो. शाळेची वेळ हिवाळ्यात अर्ध्या तासाने अलीकडे घेणे किंवा परतीची फेरी शाळा सुटताच निघेल असे पाहणे, हे दोन्ही उपाय बिनखर्चाचे आहेत. ते आगारप्रमुख व मुख्याध्यापक यांच्या परस्पर बोलण्याने होऊ शकतात.

थांब्यावरील तिसरी उणीव माहितीची. बस येणार आहे की रद्द झाली हे फाट्यावरच्या माणसाला कळण्याचे साधन बहुधा नसते. बसचे स्थान दाखविणारी यंत्रणा महामंडळाने २०१९ नंतर टप्प्याटप्प्याने बसविण्यास आरंभ केला. मोठ्या बसस्थानकांत त्यावर चालणारे फलकही लागले. परंतु ही माहिती भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून येते आणि जंगलाच्या पट्ट्यात ते जाळे तुटक असते. त्यामुळे जुनी पद्धत अजून टिकून आहे. आधीच्या गावच्या दुकानदाराला फोन करून ‘गाडी गेली का?’ असे विचारले जाते.

‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या योजनेनुसार ग्रामीण भागातील साधी बस थांबा नसलेल्या ठिकाणीही प्रवाशासाठी थांबू शकते. म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या स्त्रिया यांना याचा मोठा उपयोग होतो. वळणावर, चढावर किंवा पुलाच्या तोंडाशी हात दाखवून बस थांबविणे मात्र धोक्याचे असते, कारण मागून येणाऱ्या वाहनाला थांबलेली बस दिसत नाही.

बसची बांधणी व आतील सोयी

साध्या बसला पूर्वी ‘लाल डबा’ म्हणत. खेड्यांत ‘यष्टी’ हाच उच्चार रूढ होता. ‘लालपरी’ हे नाव अलीकडचे, वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलेले. महामंडळ आपल्या बसचे सांगाडे बऱ्याच अंशी स्वतःच्या कार्यशाळांत बांधत आले आहे. दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व हिंगणा (नागपूर) येथे या कार्यशाळा आहेत. दीर्घकाळ सांगाड्यासाठी ॲल्युमिनियम वापरले जाई. ते हलके व न गंजणारे असले तरी जोराच्या धडकेत चेपते, फाटते. गेल्या दशकात पोलादी सांगाड्याच्या बस बांधण्यास सुरुवात झाली, त्यामागे अपघातात आतील प्रवाशांचे अधिक रक्षण व्हावे हा हेतू होता.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बसची बांधणी विहित संहितेप्रमाणे असावी लागते. दरवाजाची रुंदी, पायऱ्यांची उंची, आसनांमधील अंतर, धरण्याच्या दांड्या आणि संकटकालीन मार्ग यांची प्रमाणे तीत ठरवून दिली आहेत. नेहमीच्या दरवाजाच्या विरुद्ध बाजूस अथवा मागे संकटकालीन दरवाजा असतो. त्याचे महत्त्व १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या अपघाताने दाखवून दिले. नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस मध्यरात्रीनंतर उलटली, ती दरवाजाच्या बाजूवरच पडली आणि पेटली. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. ती एसटी नव्हती, पण दरवाजा अडला म्हणजे दुसरी वाट उरते का, हा प्रश्न प्रत्येक बसला लागू आहे. जुन्या साध्या बसच्या खिडक्यांना आडव्या दांड्या असतात, त्यातून बाहेर पडणे अशक्य असते. अशा बसमध्ये मागचा दरवाजा हीच दुसरी वाट होय. धानाच्या हंगामात पोती, बाजाराच्या दिवशी टोपल्या व हारे मागच्या आसनांपाशी रचले जातात, तेव्हा ही वाट बंद होते. सामान टपावर किंवा डिकीत ठेवण्याचा वाहकाचा आग्रह प्रवाशांना त्रासदायक वाटतो. त्यामागचे कारण हे आहे.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत वाहनाचे स्थान दाखविणारे यंत्र व संकटकाळी दाबण्याचे बटण असणे केंद्रीय नियमांनी सक्तीचे केले आहे. ही तरतूद दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर महिलांच्या सुरक्षिततेविषयी जो देशव्यापी विचार झाला त्याचे फलित मानली जाते. बटण दाबल्यावर संदेश नियंत्रण कक्षाकडे जातो. ज्या पट्ट्यात भ्रमणध्वनी लागत नाही तेथे या बटणाची उपयुक्तता अर्थातच मर्यादित राहते. तेथे प्रवाशाची भिस्त असते ती वाहकावर. वाहकाची घंटी ही याहून कितीतरी जुनी सुरक्षाव्यवस्था आहे. एकदा वाजली की थांबावे, दोनदा वाजली की निघावे. दार लागल्याची व शेवटचा प्रवासी आत आल्याची खात्री करूनच दुसरी घंटी द्यावयाची असते. विनावाहक धावणाऱ्या बसमध्ये ही जबाबदारी एकट्या चालकावर येते.

प्रत्येक बसमध्ये आसनसंख्या व उभ्या प्रवाशांची अनुज्ञेय संख्या लिहिलेली असते. महिला, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, विधिमंडळ सदस्य इत्यादींसाठी काही आसने राखीव असून ती त्या त्या आसनावर नमूद केलेली असतात. विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव असलेले आसन टोकाच्या फेऱ्यांवर कोणाही थकलेल्या प्रवाशाच्या उपयोगी पडते. प्रथमोपचार पेटी व अग्निशामक नळकांडे बसमध्ये असणे बंधनकारक आहे. पायरीवर उभे राहून किंवा टपावर बसून प्रवास करणे व करू देणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ ने निषिद्ध आहे.

बसस्थानक

बसस्थानकातील मूलभूत सोयी म्हणजे बसण्याची जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, चौकशी खिडकी, वेळापत्रक व पुरेसा उजेड. तान्ह्या मुलांच्या मातांसाठी मोठ्या स्थानकांत ‘हिरकणी कक्ष’ ठेवण्यात आले आहेत. हे नाव रायगडाच्या कड्यावरून बाळासाठी उतरलेल्या हिरकणीच्या कथेवरून दिले आहे. १ मे २०२३ पासून ‘स्वच्छ, सुंदर बसस्थानक’ अभियान सुरू झाले, त्यात स्थानकांची तपासणी करून क्रमवारी लावली जाते.

स्त्रियांच्या दृष्टीने स्वच्छतागृहाचा प्रश्न हा केवळ सोयीचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी दिवसभराच्या कामासाठी आलेली स्त्री स्वच्छतागृह नसल्यास किंवा वापरण्याजोगे नसल्यास दिवसभर पाणी पिण्याचे टाळते. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत पाणी न पिता बसची वाट पाहणे हे उष्माघाताला निमंत्रण असते. पाणपोई व स्वच्छतागृह यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो. एक असून दुसरे नसेल तर पहिल्याचाही उपयोग अर्ध्या प्रवाशांना होत नाही.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातील स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या एका बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाल्याची घटना घडली. त्यानंतर राज्यातील बसस्थानकांचे सुरक्षा परीक्षण करण्याचे, स्थानकात पडून असलेल्या निकामी बस हलविण्याचे व सुरक्षारक्षकांची व्यवस्था बदलण्याचे आदेश देण्यात आले. गर्दीच्या, पोलीस चौकी जवळ असलेल्या महानगरातील स्थानकात असे घडू शकते, यावरून लहान गावातील रात्री ओस पडणाऱ्या स्थानकांचा प्रश्न पुढे आला. तेथे शेवटची बस गेल्यावर दिवे मालवले जातात, आणि उशिरा पोहोचलेली बस प्रवाशांना अंधारात उतरविते.

विद्यार्थिनी व सवलती

एसटीच्या सवलतींमध्ये विद्यार्थ्यांच्या मासिक पासचे स्थान मोठे आहे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला भाड्याच्या एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली घर ते शाळा असा विनामूल्य प्रवास आहे. पूर्वी पास काढण्यासाठी विद्यार्थ्यांना आगारात रांग लावावी लागे. अलीकडे पास थेट शाळेत देण्याची पद्धत सुरू झाली आहे. आगार दूर असलेल्या तालुक्यात तिचा लाभ अधिक, कारण पास काढण्यासाठी पालकाची एक दिवसाची मजुरी बुडत असे.

मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र निळ्या बस देण्यात आल्या. प्रारंभी तालुक्यास पाच बस असे प्रमाण होते. चंद्रपूर व गडचिरोली हे या कार्यक्रमातील जिल्हे आहेत. आठवीनंतर मुलींची शाळा सुटते त्याची कारणे शोधताना गावात माध्यमिक शाळा नसणे व दुसऱ्या गावी जाण्यास सुरक्षित साधन नसणे ही कारणे ठळकपणे पुढे आली होती. त्यामुळे या बसचे वेळापत्रक शाळेच्या वेळेशी बांधलेले असणे अपेक्षित आहे. बस सलग काही दिवस आली नाही की मुलगा सायकलने किंवा कोणाच्या दुचाकीवर बसून शाळा गाठतो; मुलीला घरी थांबविले जाते. नियमितपणा हीच येथे सुरक्षितता ठरते.

१७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान’ योजनेखाली सर्व महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य व ६५ ते ७५ वयोगटास निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. सवलतींमुळे प्रवासी वाढले, त्या प्रमाणात बस वाढल्या नाहीत. परिणामी बाजाराच्या दिवशी शाळेच्या फेरीला विद्यार्थ्यांना चढता येत नाही, अशी तक्रार अनेक जिल्ह्यांतून ऐकू येते. सवलत तिकिटावर मिळते, पण आसन आणि फेरी यांची तजवीज वेगळी करावी लागते.

पूर व पूल

पावसाळ्यात वैनगंगा व तिला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी कमी उंचीच्या पुलांवरून वाहू लागते. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाची दारे उघडली की खालच्या भागात, म्हणजे पोंभुर्णा तालुक्याच्या काठानेही, नदी फुगते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अशा विसर्गामुळे वैनगंगेला आलेल्या पुराने चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांचा संपर्क तुटला होता. स्थानिक पाऊस थांबलेला असतानाही नदी चढू शकते, हे या पुराचे वैशिष्ट्य असते.

पुलावरून पाणी वाहत असताना बस घालू नये, असा चालकांना दंडक आहे. त्याचे उल्लंघन किती महाग पडते हे २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्यात दिसले. पुलावरील पाण्यात घातलेली एसटी वाहून गेली व प्राणहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूलच कोसळला व दोन एसटी बस पुरात वाहून गेल्या. तेथे चालकाचा काही दोष नव्हता. अंधारात पूल नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. दोन्ही घटनांचा धडा निरनिराळा आहे. पहिलीत चालकाने थांबावयास हवे होते. दुसरीत त्याला कोणीतरी थांबवावयास हवे होते.

बसमधील प्रवाशांकडूनही चालकावर ‘घाला गाडी’ असा दबाव येतो, कारण पलीकडे घर असते आणि अलीकडे रात्र काढावयास जागा नसते. पुलाच्या अलीकडच्या गावातील शाळा किंवा समाजमंदिर अशा वेळी उघडून देण्याची व्यवस्था असेल, तर हा दबाव पुष्कळ कमी होतो.

चालक व वाहक

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ असून दोन पाळ्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती आवश्यक होती. मुक्कामी फेरीत ही विश्रांती कागदावर मिळते; डासांत, थंडीत बसच्याच बाकावर झोपावे लागले तर ती प्रत्यक्षात मिळत नाही, आणि पहाटे त्याच चालकाच्या हाती मुलांनी भरलेली बस असते. दरवर्षी जानेवारीत महामंडळ सुरक्षितता मोहीम राबविते. त्यात चालकांची नेत्रतपासणी, प्रबोधन इत्यादी कार्यक्रम होतात.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला व एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप हा महामंडळाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ संप होय. राज्य शासनात विलीनीकरण ही त्यातील प्रमुख मागणी होती. या काळात खेड्यांतील वाहतूक काळी-पिवळी, जीप व मालवाहू वाहने यांवर गेली. तेथे सवलत नव्हती, क्षमतेचे बंधन पाळले जात नव्हते, आणि गाडी भरल्याशिवाय निघत नसल्याने वेळेचा भरवसा नव्हता. संपानंतरही सर्व बंद फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत.

अपघातानंतरच्या तरतुदी

राज्य परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी उभारण्याच्या अटीवर विमा उतरविण्यातून सूट देण्याची मुभा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. त्यामुळे एसटीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर न जाता महामंडळावर येते. याशिवाय २०१६ पासून तिकिटावर अल्प अधिभार घेऊन अपघात साहाय्यता निधी उभारण्यात आला असून मृत प्रवाशाच्या वारसास १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. तिकीट हा प्रवासाचा पुरावा असल्याने ते जपून ठेवणे हिताचे असते. पासधारक विद्यार्थ्यांनी पास जवळ बाळगावा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज अपघात घडला त्या क्षेत्रात किंवा अर्जदार राहतो त्या क्षेत्रात करता येतो. पोंभुर्ण्याच्या रहिवाशाचा अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी त्याला चंद्रपूर येथे दावा दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी कलम १६६ मध्ये तरतूद आहे. जखमींना मदत करणाऱ्या त्रयस्थास दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक राज्यभर चालतात. सेवेविषयीच्या तक्रारी वाहकाकडील किंवा स्थानकातील तक्रार पुस्तकात नोंदविता येतात.

या सर्व तरतुदी बसमध्ये असलेल्या अथवा बसच्या अपघातात सापडलेल्या प्रवाशासाठी आहेत. फाट्यावर बसची वाट पाहताना किंवा फाट्यावरून घरी जाताना वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू वा इजा झाल्यास तो अपघात परिवहन महामंडळाच्या नोंदीत येत नाही. त्यासाठी वन विभागाच्या अर्थसाहाय्याची स्वतंत्र तरतूद असून अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करावा लागतो. अंगावर आलेल्या वाहनामुळे मृत्यू झाल्यास नोंद पोलिसांकडे होते, विंचू-सर्पदंशाची नोंद रुग्णालयात. बस चुकल्यामुळे किंवा न आल्यामुळे पायी निघालेल्या माणसाची नोंद प्रवासी म्हणून कोणत्याच खात्यात होत नाही.